मुलांच्या आजच्या सवयी आणि सगळ्यांचं उद्याचं इंटरनेट

नोव्हेंबर २०१० मध्ये फेसबुकने आपली नवी मेसेज सेवा जाहीर केली. त्या कार्यक्रमात मार्क झुकरबर्गने हायस्कूलच्या मुलांशी झालेल्या गप्पांचा दाखला दिला होता. ईमेल फार संथ आहे, असं त्या मुलांचं म्हणणं होतं. आधी विषय लिहा, मग मायना लिहा, शेवटी स्वतःचं नाव लिहा, एवढा व्याप कोण करणार? नव्या सेवेसोबत फेसबुकने लोकांना स्वतःचा एक ईमेल पत्ताही देऊ केला, पण तो फारसा कुणी वापरलाच नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ही सोय गुंडाळण्यात आली.

मुलं खोटं बोलली नव्हती, आणि झुकरबर्गच्या ऐकण्यातही काही गफलत झाली नव्हती. तरी ईमेल मागे पडेल हा अंदाज अर्धाच खरा ठरला. ती मुलं आता तिशीला पोचली आहेत. मित्राला खुशाली कळवायला ती आजही ईमेल लिहीत नाहीत. गप्पांचा भाग त्यांनी चॅटवर नेला तो कायमचा, आणि त्यांच्या मागोमाग आईवडील, काका-मावश्या, आजी-आजोबाही तिकडे गेले. पण नोकरीचा अर्ज, बँकेचं पत्रक, विमानाचं तिकीट, नव्या ॲपवर खातं उघडणं, यासाठी तीच मुलं मुकाट्याने ईमेल वापरतात. सोळाव्या वर्षी ईमेलचं अडत नव्हतं, कारण सोळाव्या वर्षी कुणाकडे अर्ज-विनंत्या करायच्या नसतात.

'किशोरवयीन मुलं ऑनलाइन काय करतात ते पाहा, म्हणजे उद्याचं इंटरनेट कळेल,' असं दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी नव्या उत्साहाने सांगतं. त्यात तथ्य आहे. मात्र मुलांच्या कुठल्या सवयी टिकतात आणि कुठल्या विरून जातात, हे सांगायचं बहुतेकदा राहून जातं.

समाजाच्या सवयी अभ्यासणारे संशोधक यासाठी तीन गोष्टी वेगळ्या काढतात. पहिला वयाचा परिणाम: अमुक वयात माणूस तसं वागतो, वय सरलं की वागणं बदलतं. दुसरा पिढीचा परिणाम: घडायच्या वयात लागलेली सवय त्या पिढीसोबत पुढे चालत राहते, मग ती माणसं चाळीशीची होवोत की साठीची. तिसरा काळाचा परिणाम: एखादी घटना सगळ्या वयांना एकदम गाठते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळकरी मुलांपासून निवृत्त लोकांपर्यंत सगळे एकाच महिन्यात व्हिडिओ कॉल शिकले, तसं.

पंचाईत अशी, की एका दिवशी केलेल्या पाहणीत हे तिन्ही परिणाम सारखेच दिसतात. पंधरा वर्षांचा मुलगा अमुक ॲप वापरतो, एवढंच आकडा सांगतो. तो पंधरा वर्षांचा आहे म्हणून वापरतो, की या दशकात पंधरा वर्षांचा आहे म्हणून, हे कळायला काही वर्षांनी पुन्हा पंधरा वर्षांच्याच मुलांना तोच प्रश्न विचारावा लागतो. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने असं केलं आहे. आपण जवळजवळ सतत ऑनलाइन असतो, असं तिथल्या १३ ते १७ वयाच्या २४ टक्के मुलांनी २०१४-१५ मध्ये सांगितलं होतं. २०२२ मध्ये तेच सांगणारी मुलं ४६ टक्के होती. वय तेच राहिलं आणि आकडा मात्र जवळपास दुप्पट झाला, म्हणजे 'वयच तसं असतं' म्हणून हा बदल झटकून टाकता येत नाही.

पण दहा वर्षं वाट पाहायला वेळ नसेल तर अंदाज कसा बांधायचा? माझी एक साधी कसोटी आहे. सवयीकडे बघण्याआधी ती कुठल्या अडचणीतून आली ते बघावं. किशोरवयीन मुलांच्या अडचणी ठरलेल्या असतात: हातात पैसे कमी, स्वतःची अशी जागा नाही, डोक्यावर सतत कुणाची तरी नजर. आणि जवळ दोन गोष्टी भरपूर असतात, वेळ आणि समवयस्क. जी अडचण फक्त त्या वयाची, तिच्यातून आलेली सवय वयाबरोबर जाते. जी अडचण उद्या सगळ्यांच्याच वाट्याला येणार असते, तिच्यावर मुलांनी काढलेली तोड सगळीकडे पसरते.

पैशाच्या अडचणीचं उदाहरण घेऊ. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून पाठवला. मजकूर होता 'मेरी ख्रिसमस'. ज्याला तो मिळाला त्याला उत्तर देता आलं नाही, कारण त्याच्या फोनवरून मजकूर पाठवायची सोयच नव्हती. दूरसंचार कंपन्यांच्या लेखी ही सुविधा किरकोळ होती, 'तुमच्यासाठी निरोप ठेवला आहे' अशा सूचना पाठवण्यापुरती. एकेका अक्षरासाठी तीन-तीनदा बटण दाबून माणसं गप्पा मारतील, हे कुणाच्या मनातही नव्हतं. मग नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रीपेड कार्डं आली आणि मुलांच्या हातात फोन पडले. बोलण्याला मिनिटामागे पैसे पडत होते, मजकूर स्वस्त होता. फिनलंड, नॉर्वे, फिलिपिन्समधल्या मुलांनी तोच धरला. १६० अक्षरांत मावावं म्हणून शब्दांची स्पेलिंगं तोडली, स्वर गाळले. भाषा बिघडली म्हणून तेव्हा बरीच ओरड झाली. ओरड करणारेही पुढे तसंच लिहू लागले, हा भाग वेगळा.

जपानमधली गोष्ट त्याहून रंजक आहे. तिथे पेजर हे फिरत्या विक्रेत्यांचं आणि कचेरीतल्या लोकांचं यंत्र. त्यावर आकडेच येत. साहेबांचा नंबर दिसला की सार्वजनिक फोन गाठून उलट फोन करायचा. नव्वदच्या दशकात हायस्कूलच्या मुलींनी तेच पेजर गप्पांसाठी वापरायला घेतले. जपानीत आकड्यांचे उच्चार जोडून शब्द तयार करता येतात. ०८४० म्हणजे 'ओहायो', सुप्रभात. ४६४९ म्हणजे 'योरोशिकू', लोभ असावा अशा अर्थाचं. या मुलींना यंत्र द्यायचं कुणी ठरवलं नव्हतं, त्यांच्यासाठी जाहिराती केल्या नव्हत्या, पण थोड्याच वर्षांत पेजर कंपन्यांना त्यांच्याकडे पाहूनच धंदा आखावा लागला. १९९९ मध्ये एनटीटी डोकोमो या कंपनीने मोबाइलवर आय-मोड ही इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा शिगेताका कुरिता यांनी तिच्यासाठी १७६ छोटी चित्रं तयार केली, प्रत्येक चित्र आडवे बारा आणि उभे बारा ठिपके एवढंच. जपानी कंपन्यांच्या फोनवरची ही इमोजी २०१० मध्ये युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांनी अक्षरं सारखीच ओळखावीत म्हणून ठरवलेल्या, जागतिक प्रमाणात आली आणि पुढच्या वर्षी आयफोनच्या कीबोर्डवर जगभर पोचली. आज कुटुंबाच्या ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकणारे आजोबा ज्या वाटेने चालतात, तिच्या सुरुवातीला त्या मुलींचे पेजर आहेत.

ही सवय का पसरली? थोड्या जागेत, थोड्या खर्चात, नुसता निरोप न देता त्यामागची भावनाही पोचवायची, ही त्या मुलींची अडचण होती. मोबाइल हातात आल्यावर ती सगळ्यांचीच झाली.

दुसरी अडचण नजरेची, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. किशोरवयीन मुलाचं आयुष्य घर, शाळा आणि मधला रस्ता यांत जातं, तिन्ही ठिकाणी मोठ्यांचं लक्ष असतं. दाना बॉइड या अमेरिकी संशोधिकेने अशा मुलांशी वर्षानुवर्षं बोलून एक गोष्ट दाखवून दिली: मुलांना खासगीपणाची पर्वा नाही हा समज चुकीचा आहे. ती सगळ्यांसमोर लिहितात, पण असं, की वाक्य आईलाही दिसावं आणि अर्थ मात्र मैत्रिणीलाच कळावा. गाण्याची एक ओळ टाकायची. घरच्यांना वाटतं पोरगी मजेत आहे, मैत्रीण ताबडतोब विचारते काय झालं.

फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये विद्यापीठातल्या मुलांपुरतं सुरू झालं, २००५ मध्ये हायस्कूलसाठी आणि सप्टेंबर २००६ मध्ये तेरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी खुलं झालं. मग तिथे मोठी माणसं आली. मावशीने फोटोखाली कौतुक लिहिलं, शिक्षकांनी मैत्रीची विनंती पाठवली, आणि मुलांनी हळूच काढता पाय घेतला. ऑक्टोबर २०१३ मध्ये लहान वयाच्या किशोरांचा रोजचा वापर घटल्याचं खुद्द फेसबुकच्या वित्तप्रमुखांनी मान्य केलं. प्यूच्या पाहणीत फेसबुक वापरणारी अमेरिकी मुलं २०१४-१५ मध्ये ७१ टक्के होती, २०२२ मध्ये ३२ टक्के उरली.

ती गेली त्यातल्या एका ठिकाणाचं नाव स्नॅपचॅट. २०११ मध्ये आलेल्या या ॲपची गंमत अशी, की पाठवलेला फोटो पाहिल्यावर नाहीसा व्हायचा. मोठ्यांना ते निरर्थक वाटलं. जपून ठेवायचा नाही तर फोटो काढायचा कशाला? पण मुलांचा तर्क सरळ होता. तोंडी बोललेलं हवेत विरून जातं, मग फोनवर बोललेलं का टिकून राहावं? २०१३ मध्ये स्नॅपचॅटने चोवीस तासांत पुसली जाणारी 'स्टोरी' आणली. ऑगस्ट २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने ती जशीच्या तशी उचलली, आणि श्रेय स्नॅपचॅटचं आहे हे इन्स्टाग्रामच्या संस्थापकाने उघडपणे कबूलही केलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सॲपच्या स्टेटसला तेच रूप मिळालं. रोज सकाळी स्टेटसवर सुविचार लावणाऱ्या मंडळींना कल्पना नसेल, पण ती सोय आईवडिलांच्या नजरेतून सुटू पाहणाऱ्या मुलांमुळे त्यांच्यापर्यंत आली आहे.

पसरण्याचं कारण पुन्हा तेच. दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं कुणीतरी उकरून काढेल, साहेब वाचतील, नातेवाईक नाराज होतील, ही भीती आधी फक्त मुलांना होती. सोशल मीडियावर सगळं जग आल्यावर ती प्रत्येकाला वाटू लागली. २०२३ मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी सांगितलं, की त्यांच्या ॲपवर किशोर सगळ्यात जास्त वेळ खासगी मेसेजमध्ये घालवतात, त्याखालोखाल स्टोरीवर, आणि फीडवर, म्हणजे सरकवत पाहायच्या पोस्टच्या रांगेवर, सगळ्यात कमी. सर्वांसमोर लिहिणं मागे पडून छोट्या बंद गटांत बोलणं वाढत जाईल, असा याचा अर्थ मी लावतो. ही फक्त त्या वयाची लहर वाटत नाही. तुमच्या ओळखीची किती प्रौढ माणसं हल्ली खुल्या पानावर मनातलं लिहितात, ते आठवून पाहा.

नजरेच्या जोडीने समवयस्कांचा दबाव येतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्याच्या संगणकी खेळात किशोरवयीन मुलं एकटी असताना जेवढी जोखीम घेत, तिच्यापेक्षा मित्र शेजारी असताना कितीतरी जास्त घेत. प्रौढांमध्ये असा फरक दिसला नाही. एखादं नवं ॲप एका वर्गातून दुसऱ्या वर्गात वाऱ्यासारखं का पसरतं, ते यावरून समजतं. आणि तितक्याच झपाट्याने ओस का पडतं, तेही. याक याक हे निनावी लिहिण्याचं ॲप २०१३ मध्ये आलं आणि २०१७ मध्ये बंद पडलं. दिवसातून एकदा, अवचित वेळी फोटो टाकायला सांगणारं बीरिअल २०२२ मध्ये जिकडे तिकडे दिसत होतं, २०२४ मध्ये ते दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं. स्नॅपचॅटवर मित्राला रोज न चुकता फोटो पाठवून दिवसांची साखळी टिकवण्याचा प्रकारही मी याच रांगेत बसवेन. त्याला लागतो रिकामा वेळ आणि मैत्री तुटण्याची धास्ती, दोन्ही वयाबरोबर कमी होतात.

ॲप मेलं म्हणजे सवय मेली असं मात्र नसतं. सहा सेकंदांचे व्हिडिओ दाखवणारं वाइन २०१३ ते २०१७ एवढंच जगलं. पण फोन उभा धरून एकामागून एक छोटे व्हिडिओ सरकवत जाण्याची आवड म्युझिकली नावाच्या ॲपने उचलली. तेही किशोरांचंच. ऑगस्ट २०१८ मध्ये ते टिकटॉकमध्ये विलीन झालं, आणि २०२० मध्ये इन्स्टाग्रामने रील्स, युट्यूबने शॉर्ट्स काढले. म्हणून 'मुलं सध्या कुठल्या ॲपवर आहेत?' या प्रश्नाला मी फार भाव देत नाही. ती तिथे जाऊन करतात काय, ते विचारावं.

कंपन्या मुलांच्या मागे एवढ्या का लागतात, ते फार समजावायला नको. एकदा जडलेली सवय सोडवणं कठीण, आणि आज तेरा वर्षांचं असलेलं गिऱ्हाईक पुढची पन्नास वर्षं जाहिराती पाहणार असतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये झुकरबर्गने गुंतवणूकदारांना सांगितलंच होतं, की यापुढे कंपनी वयस्कांपेक्षा तरुणांना समोर ठेवून काम करेल. यातली एक गोष्ट मात्र विसरायला नको: मुलं वाट पाडतात, पण त्या वाटेवर डांबर कुणी आणि कुठवर घालायचं ते कंपन्या ठरवतात. न संपणारा फीड मुलांनी मागितला नव्हता.

शोधण्याच्या सवयीबद्दलही असंच. जुलै २०२२ मध्ये गूगलचे वरिष्ठ अधिकारी प्रभाकर राघवन म्हणाले होते, की कंपनीच्या अभ्यासानुसार जेवायला कुठे जायचं हे ठरवताना जवळपास ४० टक्के तरुण गूगलचा शोध किंवा नकाशा उघडत नाहीत, ते टिकटॉक किंवा इन्स्टाग्रामवर बघतात. हा अभ्यास अमेरिकेतल्या १८ ते २४ वयाच्या लोकांचा होता, म्हणजे किशोरवयातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांचा. माझी कसोटी लावून पाहिली तर ही सवय टिकेल असं वाटतं. शोधाच्या पानावर आधी जाहिराती, मग वर यायच्या खटपटीत लिहिलेले तेच ते लेख, ही अडचण सगळ्यांचीच आहे. जागा कशी दिसते हे कुणीतरी चालून दाखवावं, ही इच्छाही सगळ्यांचीच.

मात्र ती शोधतात म्हणजे त्यांना शोधता येतं, असं समजू नये. २००१ मध्ये मार्क प्रेन्स्की या अमेरिकी लेखकाने संगणकासोबत वाढलेल्या मुलांना डिजिटल जगाचे जन्मजात रहिवासी म्हटलं आणि तो समज घट्ट बसला. प्रत्यक्षात २०१८ मध्ये शालेय शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय चाचण्या घेणाऱ्या आयईए या संस्थेने अनेक देशांतल्या आठवीच्या मुलांची संगणकावर परीक्षा घेतली, तेव्हा सगळ्यात वरच्या पातळीला जेमतेम २ टक्के मुलं पोचली. त्या पातळीवर अपेक्षा काय, तर ऑनलाइन सापडलेली माहिती पारखून घेता येणं. बोटं झरझर चालतात म्हणून पारखही तेवढीच तयार असेल, हे गृहीत धरणं मुलांवरच अन्याय करणारं आहे. त्यांना शिकवायचं राहून जातं.

एआयच्या बाबतीत कसोटी दोन वेगळी उत्तरं देते. शाळेच्या कामासाठी चॅटजीपीटी वापरणारी अमेरिकी मुलं प्यूच्या पाहणीत २०२३ मध्ये १३ टक्के होती, २०२४ मध्ये २६ टक्के. गृहपाठ सुटला की हा वापर त्या रूपात सुटेल. पण याच्या शेजारी दुसरा वापर उभा आहे. कॉमन सेन्स मीडिया या संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत ७२ टक्के अमेरिकी किशोरांनी एआय सोबती, म्हणजे गप्पा मारायला बनवलेले बॉट, निदान एकदा वापरून पाहिले होते. मनातला प्रश्न विचारायचा आहे आणि कुणी हसायला नको, कुणाला कळायलाही नको, ही अडचण अठराव्या वर्षी संपत नाही. चाळिशीत ती वाढतेसुद्धा. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅरेक्टर डॉट एआय या कंपनीने अठरा वर्षांखालच्या मुलांना बॉटशी मोकळ्या गप्पा बंद केल्या. मुलांपुरता एक दरवाजा लागला, मोठ्यांसाठी तो सताड उघडा आहे.

आता मुलांमुळे इंटरनेट बदलण्याचा आणखी एक मार्ग खुला झाला आहे, कायद्याचा. मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करण्याबाबतच्या अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने तेरा ही वयाची रेघ ओढली. ती जगभरच्या ॲपांनी उचलली, आणि जन्मवर्ष खोटं टाकून मुलांनी ओलांडली. ऑस्ट्रेलियाने ही रेघ सोळावर नेली. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांखालच्यांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, युट्यूब अशा ठिकाणी खातं ठेवता येत नाही, आणि ते रोखायची जबाबदारी कंपन्यांवर आहे. चुकल्यास दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. पण पंधरा वर्षांचं कोण हे ओळखायचं तर पन्नास वर्षांच्या माणसाचंही वय तपासावं लागतं. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ मध्ये प्रौढांसाठीच्या मजकुराला वयाची तपासणी सक्तीची झाली आणि काही दिवसांत व्हीपीएन ॲप, म्हणजे आपण कुठल्या देशातून इंटरनेट वापरतो ते लपवणारी ॲप, डाउनलोडच्या यादीत सगळ्यात वर पोचली. ती उतरवून घेणारे सगळे काही शाळकरी नव्हते. ओळख न दाखवता इंटरनेटवर वावरण्याची मुभा लहानांच्या रक्षणासाठी मोठ्यांचीही आक्रसते आहे, आणि माझ्या मते या दशकात किशोरांमुळे घडणारा सगळ्यात मोठा बदल हाच असेल.

ऑस्ट्रेलियाच्या बंदीतून काही ठिकाणं सुटली आहेत: व्हॉट्सॲप, डिस्कॉर्ड, रोब्लॉक्स. एक गप्पांसाठी, दुसरं खेळणाऱ्यांच्या गटांसाठी म्हणून सुरू झालेलं, तिसरं खेळांचंच. सोळा व्हायच्या आधीची मुलं सोशल मीडियाची सगळी कामं तिथे उरकायला लागतील अशी दाट शक्यता आहे. दुकानं, मैफली, भांडणं, बातम्या, सगळं एखाद्या खेळाच्या आत. पुढच्या पाच वर्षांचा अंदाज हवा असेल तर मी नव्या ॲपांच्या यादीकडे बघणार नाही, या तीन ठिकाणी काय चाललंय ते बघेन.